बोट दाखवाल ती बाटली

शाईच्या दुकानात कुणी भांडतं व्हय? भाजीच्या पाटीवर भांडतील, पाण्याच्या नंबरावरनं तर डोकी फुटतील. पण आमच्या मालकांनी महाद्वाराच्या वाटंवर, भर बाजारात, एका शाईच्या बाटलीवरनं शांतिनाथअण्णाच्या सात पिढ्या काढल्या. आणि मी जुलेखा, जिच्या तोंडाला सासू तोफखाना म्हणायची, ती बाजूला पदर तोंडात धरून गप उभी.

आमचं मालक म्हंजे मीरासाब. कचेरीत नकलनवीस. कुणाला जुन्या कागदाची नक्कल पाहिजे असली, वाटणीचा असू दे न्हाईतर इनामाचा, की मालकांनी बसून ती बरहुकूम उतरून काढायची. मला अक्षरातलं ओ की ठो कळत न्हाई, पण लोक म्हणायचं मोत्यासारखं हाय. त्यांचं वरचं साहेब दादासो रावसाहेब. त्या माणसानं खूश हून मालकांना पेन दिलं. टाक बुडवायची कटकट न्हाई, पोटातच शाई घेऊन बसणारं पेन. मालक ते असं खिशाला लावून हिंडायचं, जसं काय महाराजांनी जहागीर दिली. मी म्हटलं, "अवो, झोपताना तरी काढा, पोटात घुसंल." त्यावर हसायचं नुसतं.

पेनासंगं रावसाहेबांनी एक नेमबी घातला. अस्सल कागद काळ्या शाईचा, तर नक्कल निळ्या शाईची. उद्या कुणी नक्कल पुढं करून हेच अस्सल म्हणायला नको. नेम बरोबरच हुता, त्यात काय खोट न्हाई. म्हणून निळी शाई घ्यायला मालक अण्णाच्या दुकानात गेलतं, आणि बांगड्या भरायच्या म्हणून मीबी संगं हुते.

अण्णा नवाच दुकान टाकलेला जैनाचा पोरगा, बोलायला गोड. त्यानं फळीवर बाटल्या मांडल्या, टाक बुडवून एका चिठ्ठीवर हरएक शाईची रेघ ओढली. मी बघत हुते. एक अस्मानी, लुगड्याला शोभंल अशी. एक जांभळट, मला न्हाई आवडली. आणि मधली मोरचुदासारखी, बघितल्यावर जीव गार व्हावा अशी निळी. शेवटची तेवढी काळी, जरा बाजूला मांडलेली. मी मनात म्हटलं, मधली घ्यावी.

मालक चिठ्ठी उचलून म्हणालं, "अण्णा, निळी मागितली मी. ह्या सगळ्या काळ्याच की."

अण्णा हसला. त्याला वाटलं चेष्टा चाललीया. "चाचा, तीन निळ्या हायत, एक काळी. बघा की नीट."

"मला शिकवतोस? उभा जन्म शाईत गेला माझा!"

"आता देवाशप्पथ सांगतो, चाचा..."

"देवाला कशाला मधी आणतोस? फसवायचं आन् वर शपथ घ्यायची! बापानं हेच शिकवलं काय तुला?" आणि मग सुरू झालं ते. रस्त्यावरची माणसं थांबली. एक जण म्हणाला, पावणं, निळीच हाय वो ती. त्यालाबी मालकांनी शिवी हासडली.

मला आधी राग आला. म्हटलं ह्या माणसाला झालंय काय? मग त्यांच्या तोंडाकडं बघितलं. ते खोटं बोलत न्हवतं. चिठ्ठी उजेडाला धरायचं, नाकाजवळ आणायचं, परत लांब धरायचं, आणि तोंड कसं, बाजारात हात सुटलेल्या पोरासारखं. मग एकेक माझ्या डोक्यात यायला लागलं. ईदला निळ्या बांगड्या सांगितल्यात्या, हिरव्या आणल्या, आणि मी घरभर तोफा डागल्या. चालताना उजवा खांदा सारखा दाराच्या चौकटीला आपटायचा. गंगावेशीत टांगा अगदी अंगावर आला तरी दिसला न्हाई, टांगेवाल्यानंच आईमाई काढली.

मी पुढं झाले. "अवो, पुरं झालं की. ती मधली घ्या," म्हटलं, आणि मधल्या बाटलीकडं बघत राहिले. त्यांनी माझ्या डोळ्याकडं बघितलं, मी कुठं बघते ते बघितलं, आणि बरोबर त्या बाटलीवर बोट ठेवलं. "ही दे. ही बरी हाय त्यातल्या त्यात."

अण्णानं बाटली कागदात गुंडाळली. पोराच्या डोळ्यात पाणी आलतं. म्हणाला, "चाचा, तुमी वडलांच्या वयाचं. पण हितनं पुढं तुमी बोट दाखवाल ती बाटली मी काढून देणार. निळी का काळी, हा शब्द माझ्या तोंडातनं निघायचा न्हाई." आणि बोलला तसं वागला मेला. न वागता तर बरं झालं असतं.

घरी निघालो. रंकाळ्याच्या काठाला आल्यावर मालक म्हणालं, "कसली हुती गं ती?"

"मोरचुदासारखी."

"मला राख दिसली." आणि तितंच मला गैबीपीराची शपथ घातली, कुणाला म्हणून सांगायचं न्हाई. पोरीला न्हाई, कचेरीत तर न्हाईच न्हाई. "आंधळा नकलनवीस म्हंजे काय गं? मला हाताला धरून घरी बसवतील. घरी बसून मी काय करू, तुझ्या भाकरी मोजू?" मी शपथ घेतली. काय करणार?

हकिमाकडं मात्र नेलं, वढतच नेलं. त्यानं डोळं बघून मान हलवली. मोतीबिंदू असता तर मिरजंला जाऊन काढून आला असता, म्हणाला, हा काचबिंदू हाय. गेली तेवढी नजर गेली, राहिली तीबी हळूहळू जाणार. मी म्हटलं, औषध? म्हणाला, दुवा मागा. त्या हकिमाच्या घरातली समदी मडकी फोडावीत असं वाटलं मला. पण मडकी फोडून नजर येती काय?

मग आमचं आमी बसवलं. सकाळी मालकांची नाष्ट्याची भाकरी झाली की मी पेन उघडायची, काचेच्या नळीनं शाई भरायची, पुसून खिशाला लावायची. निळ्या बाटलीच्या गळ्याला एक दोरा बांधून ठेवला, चुकून माझ्या माघारी भरायची पाळी आली तर हाताला कळावं म्हणून. त्यांचं अक्षर त्यांना दिसत हुतं, काळं-पांढरं दिसत हुतं, समोरचं माणूस दिसत हुतं. रंग तेवढा गेलता, आणि कडंचं.

आणि बाहेर कुठं रंगाचं काम पडलं की आमची दुकानातलीच युक्ती. मी बघायचं, त्यांनी माझ्या तोंडाकडं बघायचं, आणि बोट करायचं. एकदा मला निळं लुगडं घ्यायला गेलतो. दुकानदारानं ढीग टाकला. मी एका निळ्या लुगड्याकडं बघितलं, तर आमचं मालक मोठ्या ऐटीत म्हणतात, "ते निळं काढा वो, खालनं दुसरं." दुकानदार म्हणाला, "चाचा, नजर हाय तुमची!" रस्ताभर मी पदरात तोंड घालून हसले. मालकबी हसलं. आता आठवलं की त्या हसण्याचाच राग येतो मला.

पुढं आमची सलमा कागलात बाळंत झाली. पोर अशक्त निघालं, अंगावर पिईना. मी चार दिवसांचं म्हणून गेलते ती तितंच अडकले. पोरीला तसं टाकून कशी येऊ? बाटलीत शाई हुती, दोरा हुता. म्हटलं, निभल.

निभलं न्हाई. शाई संपली. मालक एकटंच अण्णाच्या दुकानात गेलं. दुकानात चार माणसं हुती म्हणं. त्यांच्या देखत "निळी कुठली" असं कसं इचारायचं? परत त्याच अण्णाला? मागल्या खेपंला मधली घेतलीती, म्हणून मधलीवर बोट ठेवलं. आता दुकानात बाटल्या काय तशाच मांडून ठेवत्यात व्हय? अण्णानं बघितलं, काळी हाय. मनात म्हटलं असंल, चाचा काळी कशाला नेतंय. पण शब्द दिलता न्हवं! मुकाट्यानं गुंडाळून दिली. मी नंतर त्याच्या दुकानात जाऊन कपाळ बडवून घेतलं, तर रडला बिचारा. म्हणाला, "चाची, मी बोललो असतो तर परत चार माणसांत शिव्या खाल्ल्या असत्या." त्याला तरी काय म्हणू?

मी कागलासनं आले, फळीवर बाटली बघितली. गळ्याला दोरा. मालकांनी आपल्या हातानं बांधलेला, माझ्यासारखीच दुहेरी गाठ मारून. बूच काढलं तर आत काळी कुट्ट. तशीच बाटली घेऊन मालकांपुढं गेले.

"अवो, ह्यातनं किती नकला लिवल्या?"

"लिवल्या की रोजच्या. का?"

सांगितल्यावर मालक भिंतीला टेकून बसलं. नकला लिहून, शिक्का हून, लोकांच्या हातात गेलत्या. आणि जे व्हायला नको तेच झालं. गडमुडशिंगीच्या बाजूच्या एका भामट्यानं, नक्कल काळी दिसली तशी तिची खालची, 'नक्कल' असा शेरा न् शिक्का असल्याली कड फाडून, हाच माझा अस्सल कागद म्हणून कोर्टात लावली. समोरच्यानं बोंब मारली. रावसाहेबांनी बाकीच्या नकला मागवल्या, तर त्या पंधरवड्यातल्या समद्या काळ्या. कचेरीत कुजबुज सुरू झाली, मीरासाबनं कुणाचंतरी खाल्लंय.

रावसाहेबांनी मालकांना इचारलं, तर मालक एवढंच म्हणालं, "चुकून झालं." आता ज्या माणसाचा उभा जन्म शाईत गेला, तो काळी आणि निळी चुकंल? रावसाहेबांनी म्हटलं, रविवारी घरी या, आणि खरं काय ते सांगा. न्हाई सांगितलं तर प्रकरण फौजदाराकडं जाईल.

आली का पंचाईत? चूक म्हणावं तर डोळं गेल्यालं सांगावं लागतंय. डोळं चांगलं म्हणावं तर मुद्दाम केलं असं हुतंय. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मी म्हटलं, "अवो, सांगून टाका की! डोळ्याचा काय गुन्हा हाय?" तर मालक कडाडलं, "चोर म्हणू देत, आंधळा म्हणून घ्यायचो न्हाई मी! आणि चोर हाय हे त्यांना शाबीत करावं लागंल." सुंभ जळला तरी पीळ काय जाईना. मी लई भांडले. मग रडले. मग भांडी आपटली. काय उपेग न्हाई.

शनिवारी दुपारी मालक नमाजाला गेलेलं बघून मी शपथ मोडली. गैबीपीरा, तू माझं बघून घे म्हटलं, आणि रावसाहेबांच्या घरी मागल्या दारानं गेले. त्यांच्या मंडळी पद्मावती वैनी, लई शांत बाई. मी त्यांच्या पायरीवर बसून समदं सांगितलं. बांगड्या, चौकट, हकीम, दोरा, समदं. त्यांनी आत जाऊन साहेबांना बोलावलं.

रावसाहेब दारात उभं राहून ऐकत हुतं. मग म्हणालं, "बाई, खरं असंल तर ह्यात त्याचा काय दोष? चूक म्हणून मिटवतो, पेन्शन देऊन मानानं घरी पाठवतो. पण उद्या कुणीबी उठून डोळं गेलं म्हणंल. मी स्वतः बघणार. दोन कागद पुढं ठेवतो, निळा उचल म्हणतो. न्हाई ओळखला तर प्रकरण तितंच बंद. ओळखला तर मात्र मला ह्यात ओढू नका." आणि म्हणालं, "त्याला आधी सांगू नका. तुमीबी या उद्या."

मी पाया पडले. घरी येताना मला पंख फुटल्यासारखं झालतं. म्हटलं, सुटलो! ओळखायचा कुठनं? अण्णाच्या दुकानात चार बाटल्या ओळखल्या न्हाईत, हितं काय ओळखतील. मालकांना बोलले न्हाई. सांगितलं असतं तर ताठ मानंनं घरातच बसलं असतं. "मीबी येते, वैनींना भेटायचं हाय," एवढंच म्हटलं.

रविवारी सकाळी रावसाहेबांच्या सोप्यात मेजावर दोन कागद मांडलेलं. दोन्हीवर साहेबांनी चार-चार ओळी लिवल्याल्या. उजवीकडं काळा, डावीकडं निळा. माझी अन् वैनींची जागा समोर, आतल्या दारात. वैनींनी माझ्या खांद्यावर हात ठेवलाता.

"मीरासाब," रावसाहेब म्हणालं, "ह्यातला निळ्या शाईचा कागद मला द्या बरं."

मालक वाकलं. नाक कागदाला टेकंल एवढं वाकलं.  मी मनात म्हणत हुते, चुका वो. एकदा चुका. काळ्याला हात घाला, या अल्ला, त्यांचा हात काळ्याकडं ने. त्या निळ्या कागदाकडं त्यांचा हात जातो का काय म्हणून माझी नजर त्या कागदावर जी खिळली ती हलंचना. हात थोडा डावीकडं, निळ्याकडं सरकला. परत उजवीकडं आला, बरं वाटलं. मग दोन्ही कागदांच्या मधी थांबला.

आणि मालकांनी मान वर केली. मला हुडकलं. दारात मी दिसले, तसं तोंड हलकं झालं त्यांचं. मला कळायला उशीर झाला. मी नजर काढली, छताकडं बघितलं, कुठंतरी बघितलं. पण त्यांना हवं ते मिळालंतं.

त्यांनी निळा कागद उचलून साहेबांच्या हातात दिला. वर हसून म्हणालं, "हा घ्या, साहेब. मोरचुदासारखी शाई हाय, बेस."

रावसाहेबांचं तोंड उतरलं. वैनींनी माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

"साहेब!" मी वरडले. "त्यांनी माझ्याकडं बघितलं! मी जिकडं बघते तिकडं ते बोट करत्यात, आमची तशी रीतच हाय! मला बाहेर काढा, परत इचारा!"

"जुलेखा!" मालक माझ्यावर कडाडलं. "काय बडबडतीस? नजर चांगली हाय माझी."

"बाई, पुरं झालं," रावसाहेब म्हणालं. "काल एक, आज एक. तुमी सांगितलं म्हणून मी बघितलं. त्यानं रंगच काय, रंगाची जातबी सांगितली." मग मालकांकडं वळून, अगदी हळू आवाजात, "मीरासाब, पेन ठेवा हितं. उद्या कचेरीत येऊ नका. फौजदाराचं बोलावणं येईल."

मी किती बोलले ते मला आठवत न्हाई. सगळा तोफखाना रिता केला. जेवढं बोलले तेवढं ते जास्तच सोंग वाटायला लागलं. वैनी खाली मान घालून आत गेल्या. मालकांनी खिशातलं पेन काढून मेजावर ठेवलं, आणि जाताना खांदा चौकटीला आपटला. मी बोट करून दाखवलं, बघा, बघा, आपटलं की न्हाई! पण साहेबांची पाठ फिरलीती.

रस्त्यावर आल्यावर मी मालकांना समदं सांगितलं. शनिवारी आलते, असं-असं ठरलंतं, चुकला असता तर सुटला असता. ते उभं राहून ऐकत हुतं. मला वाटलं आता शिव्या देतील, शपथ मोडली म्हणून मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"मग मला आधी का न्हाई सांगितलंस?" एवढंच म्हणालं.

"तुमी आला नसता."

"व्हय. आलो नसतो." मग म्हणालं, "मला कागद दोन्ही सारखंच दिसलं गं. पण तू हुतीस. तू कवा मला चुकीचं दाखवलं न्हाईस, म्हणून उचलला."

 वाटंत लोकांची वर्दळ, एक बैलगाडी उजव्या अंगानं येत हुती, त्यांना ती दिसत न्हवती. मी त्यांचा हात धरला. पहिल्यांदाच, भर रस्त्यात. त्यांनी सोडवून घेतला न्हाई.